कुवेतचं तेल आणि पावणेपाच लाख रुपये

कुवेतच्या तेलाचा पहिला करार रुपयांत झाला. पौंडांत नाही, डॉलरांत नाही, रुपये-आण्यांत. 23 डिसेंबर 1934 रोजी शेख अहमद अल-जाबिर अल-सबाह यांनी कुवेत ऑइल कंपनीच्या कागदावर सही केली, तेव्हा ठरलं ते असं: सही होताच 4,75,000 रुपये, विकण्याजोगं तेल सापडेपर्यंत दरसाल 95,000 रुपये, तेल लागल्यावर टनामागे 3 रुपये, आणि तेल कितीही कमी निघालं तरी वर्षाची रक्कम 2,50,000 रुपयांच्या खाली जायची नाही. कंपनीला करमाफी, त्याच्या बदल्यात टनामागे आणखी 4 आणे. मुदत 75 वर्षं.

मी काँट्रॅक्ट्सच्याच कामात आहे आणि आमचं ऑफिस अहमदीला, म्हणजे याच शेखांच्या नावानं वसलेल्या गावात. निवृत्तीला आलेले एक कुवेती सहकारी परवा चहा पिताना म्हणाले, "तो करार तुमच्या पैशात लिहिलेला आहे, एकदा वाचून बघ." मी वाचायला घेतला आणि चार आण्यांपाशी थांबलोच. दिवसभर दिनार आणि फिल्समधले आकडे तपासायचे, आणि या देशाच्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदावर मात्र चार आणे! अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं.

मामांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. "अडाणी माणसं. तीन रुपये टनानं सोनं विकलं. आणि तुम्ही शिकलेली मुलं त्यांच्याकडे नोकऱ्या करता." खाली चार अंगठे.

मामांना फोनवर काही बोललो नाही, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितोय. शेख अडाणी नव्हते. शेखांनी घासाघीस केली नाही, असंही नाही. बाजारच आधी बंद करून ठेवलेला होता, आणि तो बंद करणाऱ्या सरकारचा कारभार आपल्या देशातून चालत होता. हे आपल्याकडे कुणी सांगत नाही.

जरा मागे जाऊ. 1899च्या जानेवारीत कुवेतचे तेव्हाचे राज्यकर्ते शेख मुबारक यांनी इंग्रजांशी एक गुप्त करार केला: आपली जमीन इंग्रज सरकारच्या परवानगीशिवाय कुणाला विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही. मोबदला 15,000 रुपये. आखातातला इंग्रजांचा बडा अधिकारी, पोलिटिकल रेसिडेंट, बसायचा इराणच्या बुशहरमध्ये. 1873पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर हिंदुस्थान सरकारच्या. म्हणजे कुवेतच्या शेखाला येणारा हुकूम लंडनचा असला, तरी वाट आमच्याकडून. मग 1913च्या ऑक्टोबरात मुबारक यांच्याकडून आणखी एक पत्र लिहून घेतलं गेलं: उद्या इथं तेल निघालंच, तर इंग्रज सरकार ज्याचं नाव सुचवेल त्यालाच ते द्यायचं, दुसऱ्या कुणाला नाही. तेव्हा कुवेतमध्ये तेलासाठी एक विहीरही खणलेली नव्हती. माल सापडायच्या आधीच गिऱ्हाईक ठरवून टाकलं.

शेख अहमद यांच्या हातात काय राहिलं असेल, विचार करा. आणि तरीही त्यांनी जे केलं ते मला, रोज निविदा बघणाऱ्या माणसाला, थक्क करतं.

न्यूझीलंडचा मेजर फ्रँक होम्स 1923पासून तेलाचा परवाना मागत या किनाऱ्यावर फिरत होता. लोक त्याला अबू नफ्त, म्हणजे तेलाचा बाप, म्हणायचे. पुढे तो अमेरिकेच्या गल्फ ऑइलच्या वतीनं बोलू लागला. दुसऱ्या बाजूला अँग्लो-पर्शियन, म्हणजे इंग्रज सरकारचीच भागीदारी असलेली कंपनी, तिचा माणूस आर्चिबाल्ड चिझम. हे दोघं छोट्याशा कुवेत शहरात मुक्काम ठोकून शेखांकडे खेपा घालत होते. शेख दोघांनाही बसवून घ्यायचे, दोघांचंही ऐकायचे, आणि सही करायचे नाहीत. मे 1933मध्ये शेजारच्या सौदी अरेबियाचे राजे इब्न सौद यांनी कॅलिफोर्नियाच्या कंपनीला परवाना दिला, त्यात सोन्यातली रक्कम मिळवली, तेव्हा शेखांनी लगेच आपला भाव वाढवला.

हा काळ कसा होता तेही बघायला हवं. कुवेतचं पोट मोत्यांवर आणि गलबतांवर चालायचं. इथले मोती विकायला मुंबईला जात, गलबतांसाठी लाकूड मलबारहून येई, खजूर उतरवून परतीला तांदूळ भरून आणत. जपानच्या पैदास केलेल्या मोत्यांनी आणि 1929च्या मंदीनं तो धंदा बसला. इब्न सौद यांनी कुवेतशी व्यापार तोडलेला होता, तेही वर्षानुवर्षं. गावात बँक नव्हती, ती आली 1942 साली. तिजोरी रिकामी असलेला माणूस दहा वर्षं सही लांबवतो, याला अडाणीपणा म्हणत नाहीत.

मग घात कुठे झाला? दोन्ही कंपन्या एक झाल्या. अँग्लो-पर्शियन आणि गल्फ यांनी आपसांत निम्मी-निम्मी भागीदारी करून 1934च्या फेब्रुवारीत कुवेत ऑइल कंपनी काढली. काल एकमेकांविरुद्ध बोली लावणारे आज एकाच खुर्चीत. हे मी ऑफिसात वाचत असताना हातातलं काम बाजूला ठेवलं. आमच्या धंद्यात दोन बोलीदार असे संगनमत करून आले तर निविदा रद्द होते, काळ्या यादीत नाव जातं. तिथं मात्र यालाच कंपनी म्हणून मान्यता मिळाली.

आणि याहून मला सलतं ते पुढचंच. मार्च 1934मध्ये, म्हणजे शेखांच्या सहीच्या नऊ महिने आधी, इंग्रज सरकार आणि ही नवी कंपनी यांच्यात एक वेगळा राजकीय करार झाला. शेख त्यात पक्षकारच नव्हते. जमीन त्यांची, तेल त्यांचं, आणि ते कुणाच्या सल्ल्यानं, कुणाच्या मर्जीनं चालवायचं हे दोन परक्यांनी आपसांत लिहून ठेवलं. मुख्य करार आणि हा करार यांत विरोध आला तर हाच वरचढ. मी कितीतरी करारांची कलमं वाचली आहेत. एका पक्षाला टेबलावर बसवायच्या आधीच त्याच्यावर कुरघोडी करणारं कलम असं दुसऱ्याच कागदात लपवलेलं मला कधी दिसलं नाही. मामांना मी हा परिच्छेद दोनदा वाचायला सांगणार आहे.

एवढं होऊनही शेख गप्प बसले नाहीत. दरम्यान लंडनमधूनच ट्रेडर्स लिमिटेड नावाची तिसरी मंडळी जास्त रकमेची बोली घेऊन आली. शेखांनी तिचा आधार घेऊन कंपनीकडून अटी वाढवून घेतल्या. लंडनमध्ये आपला एक प्रतिनिधी असेल, हे कलमही मिळवलं, आणि त्या जागी नेमला कोणाला, तर होम्सलाच. जो दहा वर्षं समोरच्या बाजूनं बोलत होता, तोच आता आपल्या बाजूनं लंडनमध्ये. 1947 साली मरेपर्यंत तो त्या जागेवर होता.

आता त्या तीन रुपयांकडे येऊ. एका टनात साधारण सात-सव्वासात पिंपं तेल, म्हणजे पिंपामागे सात आण्यांच्या आसपास. कमी आहे, निश्चित कमी आहे. पण पलीकडे इराणनं काय केलं होतं? 1901 साली डार्सी नावाच्या इंग्रजाशी केलेल्या तेलाच्या करारात शहानं 20,000 पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि नफ्याचे 16 टक्के घेतले होते. ऐकायला नफ्यातला हिस्सा भारी वाटतो. मंदी आली, 1931 साली इराणचं उत्पन्न आदल्या वर्षाच्या चौथाईच्याही खाली घसरलं, आणि 1932च्या अखेरीस रझाशहानं चिडून करारच रद्द केला. सगळ्या आखातात ही बातमी पोहोचलेली. नफा किती झाला हे कंपनीचे हिशेबनीस ठरवतात, टन मात्र मोजता येतो. तीन रुपयांची बोली मला त्या दृष्टीनं शहाणपणाची वाटते. वाईट आहे ती 75 वर्षांची मुदत. इतक्या वर्षांसाठी एकच दर, तोही वाढीच्या कलमाशिवाय, हे कुठल्याही काळात महागच पडणार होतं.

आणि शेखांना धुतल्या तांदळासारखं मी म्हणत नाही. करारात 'शेख' हाच मालक होता, पैसा त्यांच्या हाती येणार होता. 1938मध्ये कुवेतच्या व्यापाऱ्यांनी निवडून दिलेली चौदा जणांची मजलिस, म्हणजे प्रतिनिधींची सभा, उभी राहिली. कंपनीकडून येणारा पैसा राज्याच्या तिजोरीत जावा हा त्यांचा आग्रह होता. सहा महिन्यांत मजलिस बरखास्त झाली. माझे सहकारी हे सांगताना आवाज खाली आणतात, पण सांगतात. आपले हिशेब आपणच बघावेत असं म्हणणारी माणसं इथं तेव्हाही होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तेल लागायला वेळ लागला. बहरा नावाच्या जागेवरची पहिली विहीर फुकट गेली, फेब्रुवारी 1938मध्ये बुरगानला लागलं, युद्धात विहिरी बुजवून ठेवल्या, आणि 30 जून 1946 रोजी पहिलं जहाज भरलं. त्या दिवशी तेल सोडायचं चाक शेख अहमद यांनीच फिरवलं. पाच वर्षांनी, 1951च्या अखेरीस, नफ्याची निम्मी-निम्मी वाटणी झाली. 1975 साली कंपनी पूर्ण कुवेतची झाली. 75 वर्षांचा करार 41 वर्षांत संपवला त्यांनी, एक लढाई न करता, नुसते टेबलावर बसून. मला याचं फार कौतुक आहे. इथं राहून त्यांच्या काही गोष्टींवर कितीही चिडलो, तरी हे कौतुक कमी होत नाही.

आखातात चालणाऱ्या आपल्या रुपयाचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. 1959 साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी खास नोटा छापल्या, रंग वेगळे, नंबराआधी इंग्रजी झेड. 1961 साली कुवेतनं दिनार आणला तेव्हा एका दिनाराला 13 रुपये 33 पैसे पडत. आज पावणेतीनशेच्या वर. दर महिन्याला पैसे पाठवताना हा दर बघून आपण खूश होतो, मीही होतो, घराचं कर्ज त्यावरच फिटतंय. पण मामांनी "त्यांच्याकडे नोकऱ्या करता" म्हटलं, त्याला माझं एवढंच म्हणणं आहे की मी इथं ठरलेल्या पगारावर, लिहिलेल्या अटींवर आलो. सहीच्या आधी मी कलमं वाचली, दोन कलमं बदलून घेतली. रत्नागिरीत राहून मला एवढं बदलून घेता आलं असतं का?

रत्नागिरीचं नाव निघालंच आहे तर बोलतो. 2018च्या एप्रिलमध्ये सौदी अरामको आणि जूनमध्ये अबू धाबीची ॲडनॉक आपल्या सरकारी तेल कंपन्यांबरोबर रत्नागिरीच्या रिफायनरीसाठी सामंजस्य करारावर सही करून गेल्या. म्हणजे ज्यांच्या दारात कधी परकी कंपनी कागद घेऊन उभी होती, ते आता परकी कंपनी होऊन आमच्या दारात. रिफायनरीसाठी काढलेली नाणारची अधिसूचना 2019मध्ये रद्द झाली, 2023मध्ये बारसूला माती तपासायला लोक आले तेव्हा सड्यावर बायका झोपल्या. रिफायनरी हवी की नको यावर आमच्या घरातही दोन तट आहेत, मी त्यात पडत नाही. मला राग आहे तो घोषणेच्या आधी झालेल्या जमिनींच्या व्यवहारांचा. आमच्या शेजारच्या वाडीत दलाल आला, सातबाऱ्यावर वीस नावं, अर्धी मुंबईत, अर्ध्यांनी जमीन कधी बघितलेली नाही. "कुणी घेत नाही हो ही कातळाची जागा, मी घेतोय तर द्या." पंधरा दिवसांत खरेदीखतं झाली. जास्त भाव देणारा कुणी आहे का, हे विचारायला कुणाला वेळच दिला नाही. माझ्या आत्यानंही दिली. ती काही अडाणी नाही, शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय तिनं.

शेखांकडे निदान होम्स आणि चिझम दोघं होते, ते एक होईपर्यंत. आत्याकडे एकच दलाल होता. हे मामांना समजलं तर तीन रुपयांवर ते पुन्हा बोलणार नाहीत अशी मला आशा आहे. नाहीच समजलं, तर गणपतीत येतोय, तेव्हा बसून बोलू.

मुंबईत मोत्यांच्या व्यापारात असलेल्या कुणाच्या घरी कुवेत, बहारीन, दुबईकडच्या जुन्या चोपड्या किंवा त्या झेडवाल्या नोटा असतील तर मला जरूर कळवा. इथल्या सहकाऱ्यांना फोटो दाखवायचे आहेत. त्यातल्या एकाचे आजोबा दर मोसमात मुंबईला मोती घेऊन जायचे आणि त्या पेढीचं नाव घरात आता कुणालाच आठवत नाही.