घरगुती दुप्पट फंड, नोंद ९: हरवलेले २,१२९ रुपये सापडले

मंडळी, सापडले! माझ्या हिशोबाची शीट आणि ब्रोकरचं खातं यांतली, तीन आठवडे छळणारी तफावत काल रात्री शून्यावर आली. शीटच्या शेवटच्या रकान्यात ०.०० उमटलं तेव्हा सव्वाबारा वाजले होते. घरात सगळे झोपलेले, म्हणून सकाळी चहाच्या आधी तुम्हालाच सांगायला बसलोय.

मांडणी तुम्हाला पाठ आहे: माझे दोन लाख, एमटीएफचे (ब्रोकरकडून व्याजाने उसने) दोन लाख, मिळून चार लाखांचे निफ्टी बीज, म्हणजे निफ्टीमागे चालणारा, शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड (ईटीएफ). आपल्याकडे रोज निर्देशांकाच्या दुप्पट चालणारा फंड मिळत नाही. म्युच्युअल फंडाला निव्वळ मालमत्तेच्या २० टक्क्यांपर्यंतच कर्ज काढता येतं, आणि तेही पैसे परत मागणाऱ्यांची तात्पुरती गरज भागवायला. म्हणून तो घरीच विणायला घेतला. तिमाही संपली, ९१ दिवस झाले, आणि खात्यातला फंड शीटमधल्या फंडापेक्षा २,१२० रुपयांनी मागे निघाला.

पहिला संशय डिकेवर गेला, म्हणजे बाजाराच्या चढ-उतारात अशा फंडाची होते ती गळती. लिव्हरेज (उसन्या पैशाने वाढवलेला डाव) म्हटलं की आपण सगळे तिथेच बोट दाखवतो. मागच्या वेळी दोघांनी खऱ्या आकड्यांचं उदाहरण मागितलं होतं, तर हे घ्या. ३ जून २०२४ ला निफ्टी २३,२६४ वर बंद झाला. ४ तारखेला, निकालाच्या दिवशी, २१,८८४. पुढे २२,६२०, मग २२,८२१, आणि ७ जूनला २३,२९०. चार दिवसांत निर्देशांक जिथल्या तिथे, उलट ०.११ टक्के वरच. पण रोज दुप्पट चालणारा फंड याच चार दिवसांत ०.३३ टक्के तोट्यात जातो, तिप्पटवाला १.३६ टक्के. कारण पडल्यावर भांडवल आटतं आणि वर येताना दुप्पट होते ती आटलेल्या भांडवलावरची. अमेरिकेतला नॅस्डॅक १०० चा तिप्पट फंड टीक्यूक्यूक्यू २०२२ साली सुमारे ७९ टक्के पडला. त्याच वर्षी मूळ निर्देशांक पडला होता ३३ टक्के. तिथे पडझडीचा गुणाकार आणि ही गळती दोन्ही एकत्र आले.

पण माझ्या तफावतीशी डिकेचा संबंधच नव्हता. शीटमध्ये युनिट्स मी प्रत्यक्ष खरेदी-विक्रीचेच धरतो, म्हणजे गळती झाली तर दोन्हीकडे सारखीच होणार. हे लक्षात यायला दहा दिवस गेले. मग भावांवर संशय घेतला. गूगल शीटचं भाव आणणारं सूत्र काढून टाकलं आणि एनएसईच्या भावकॉपीतून (बाजाराच्या रोजच्या भावांच्या फाइलमधून) ६२ दिवसांचे बंद भाव हाताने भरले. (हे सर्वांनीच करावं असं माझं ठाम मत झालंय. हिशोब जुळवायचा असेल तर भाव भावकॉपीचाच हवा.) फरक निघाला नऊ रुपयांचा, तोही उलट्या दिशेने. त्यामुळे शोधायची रक्कम २,१२० ची २,१२९ झाली.

उलगडा झाला तो रविवारी संध्याकाळी, आमच्या शेजारच्या काकांच्या ओट्यावर. काकांचा सोलापुरात अक्कलकोट रोडला कारखाना, चादरी आणि टॉवेल. शेअर बाजाराशी त्यांचा संबंध नाही, पण उधारीच्या व्यवहारात आयुष्य गेलंय. मी आपला सांगत होतो: बारा टक्के दर, रोजचे इतके, ६२ दिवसांचे तितके. त्यांनी मध्येच थांबवलं.

"बासष्ट कुठले रे? तिमाही म्हणालास ना?"

"बाजार ६२ दिवसच चालू होता, काका."

"मग? सुट्टीला माग बंद असला म्हणून उधार सुताचं व्याज थांबतंय का रे?"

मी तसाच उठून घरी आलो.

दोन लाखांवर बारा टक्क्यांनी रोजचे ६५ रुपये ७५ पैसे. ९१ वजा ६२ म्हणजे २९ दिवस मी हिशोबातच धरले नव्हते. शनिवार, रविवार, सणाच्या सुट्ट्या, सगळे. ढोबळ गुणाकार १,९०७ वर जात होता. दर दिवशीचं नेमकं कर्ज घालून पुन्हा मोजलं, कारण मधल्या खरेदी-विक्रीत ते दोन लाखांच्या थोडं खाली आलं होतं. आकडा आला १,८९३. राहिले २३६. हे २३६ पाहताच ओळखले, कारण २३.६० हा आकडा लेजरमध्ये (ब्रोकरच्या खतावणीत) डोळ्याखालून किती तरी वेळा गेला होता: प्लेज (युनिट्स ब्रोकरकडे तारण ठेवणं) किंवा अनप्लेजच्या दर नोंदीला २० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. दहा नोंदी. डीपी शुल्क (डीमॅट खात्यातून विकताना लागतं ते) मी धरलं होतं, हे सुटलं होतं. बेरीज बरोबर २,१२९.

रुपयाला रुपया जुळण्यातला आनंद ज्यांनी खतावणी लिहिली आहे त्यांना वेगळा सांगायला नको.

आता खरा प्रश्न. नोंद ७ मध्ये मी लिहिलं होतं की पट (एकूण माल भागिले स्वतःचे पैसे) १.८ ते २.२ च्या पट्ट्यात ठेवायची, बाहेर गेली तरच हात लावायचा. रोज जुळवाजुळव केली तर फंड नेहमी महाग घेतो आणि स्वस्त विकतो: निफ्टी तीन टक्के चढला की १२ हजारांचं घ्यायचं, तीन टक्के पडला की १२ हजारांचं विकायचं. ईटीएफ विकताना एसटीटी (व्यवहारावरचा कर) फक्त ०.००१ टक्का, ते जाणवतही नाही. पण डीपी आणि प्लेजचं शुल्क रक्कम बघत नाही. म्हणून पट्टा हवाच, हे मत कायम आहे. मात्र तो पट्टा मी समजत होतो तसा दोन्हीकडे सारखा नाही, हे काल हिशोब करताना पहिल्यांदा दिसलं. २ वरून १.८ वर यायला निर्देशांक १२.५ टक्के चढावा लागतो. २.२ वर जायला मात्र ८.३३ टक्के पडला की पुरे. पडताना पट आपोआप वाढते आणि वाढत्या वेगाने वाढते. पट्टा कागदावर सरळ आखला तरी विक्रीची वेळ खरेदीच्या आधी येते, तीही पडत्या भावात.

हे लिहिता लिहिताच २०२० चे आकडे घालून पाहिले. १४ जानेवारीला बंद भाव १२,३६२, २३ मार्चला ७,६१०. घसरण ३८.४ टक्के. दुप्पटचा हात न लावलेला डाव असता तर चार लाखांचे राहिले असते २ लाख ४६ हजार, कर्ज दोन लाख, माझे ४६ हजार. पट ५.३. पण तिथवर कोणी पोचलंच नसतं, ब्रोकरने त्याआधीच मार्जिनसाठी (कर्जामागे ठेवावी लागणारी स्वतःची किमान रक्कम) विकून टाकलं असतं. परदेशी लिव्हरेज्ड फंडात लावलेल्यापेक्षा जास्त जात नाही आणि मार्जिन मागणारा फोन येत नाही. आपल्या घरगुती डावात तो येतो. हा फरक मी आधीच्या नोंदींमध्ये पुरेसा ठासून लिहिला नव्हता, आता लिहितो.

मग १.५ घालून पाहिलं. दीड लाखाच्या मालावर पन्नास हजार कर्ज, तीच ३८.४ टक्क्यांची घसरण: माल ९२,४००, स्वतःचे ४२,४००, पट २.१८. म्हणजे दीडपटीने सुरुवात केली तर २०२० सारख्या घसरणीतही एक युनिट न विकता माझ्याच पट्ट्याच्या आत राहता येतं. हे पाहून मी पंधरा मिनिटं खुर्चीत तसाच बसून होतो.

मध्येच एक कल्पना सुचली होती, तीही नोंदवतो. माझ्या लेजरमध्ये व्याज खरेदीच्या दिवशी सुरू होत नाही, टी प्लस वन सेटलमेंटला, म्हणजे बाजाराच्या पुढच्या दिवशी, सुरू होतं. म्हणजे शुक्रवारी घेतलं तर शनिवार-रविवारचं व्याज वाचतं. विकायचं तर गुरुवारी, कारण शुक्रवारच्या विक्रीचे पैसे सोमवारी जमा होतात. कल्पना चांगली वाटली, पण १२ हजारांवर दोन दिवसांचं व्याज होतं आठ रुपये. आठ रुपयांसाठी पट दोन-तीन दिवस चुकीची ठेवणं मला पटत नाही. सोडून दिलं.

फ्युचर्सचं (पुढच्या तारखेच्या खरेदीचे करार) विचारणाऱ्यांसाठी: त्यातलं अंतर्भूत व्याज सहसा एमटीएफपेक्षा स्वस्त पडतं, हे खरं. पण नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या नव्या कराराची किमान किंमत १५ लाख आहे. दोन लाखांवर एक लॉट घेतला तर पट होते साडेसात. दुप्पटीसाठीच साडेसात लाख हवेत, दीडपटीसाठी दहा. माझ्याकडे नाहीत.

आणि एमटीएफ घेणाऱ्या नव्या मंडळींना कळकळीने सांगतो, प्लेजच्या मंजुरीचा सीडीएसएल (डीमॅट सांभाळणारी संस्था) संदेश येत असेल तर तो त्याच दिवशी मंजूर करा. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी, अक्षता सोहळ्याच्या दिवशी, मी दुपारी अकरा हजारांची भर घातली आणि सम्मती कट्ट्यावर गर्दीत उभा होतो. नेटवर्क नाही, संदेश रात्री घरी आल्यावर दिसला, मुदत उलटून गेलेली. दुसऱ्या दिवशी ती भर ब्रोकरने विकून टाकली, आणि दोन्हीकडचे खर्च माझ्या माथी. माझ्या ब्रोकरच्या ॲपवर "चारपट मिळवा" हे ठळक अक्षरांत आहे, ही मुदत मात्र शोधावी लागते. ते मला बिलकूल आवडत नाही.

राहिला अडथळा बारा टक्क्यांचा. दीडपट असो की दुप्पट, निफ्टीने वर्षाला १२ टक्क्यांवर दिलं तरच उसन्या पैशाचा उपयोग. त्याखाली साधे निफ्टी बीज बरे. शिवाय वर्षाच्या आत विकलं की नफ्यावर २० टक्के कर, विक्रीत सर्वांत जुनी युनिट्स आधी जातात, आणि त्या नफ्यातून व्याज वजा धरायला माझे सीए तयार नाहीत. दर कमी करून मिळतो का ते दुसऱ्या दोन ब्रोकरांकडे विचारतोय.

तोवर पट उतरवतो. आज माल ४ लाख ६ हजार, कर्ज १ लाख ९८ हजार, स्वतःचे २ लाख ८ हजार. दीडपटीला ३ लाख १२ हजारांचा माल पुरतो, म्हणजे ९४ हजारांची विक्री. उद्या, एका झटक्यात नाही, तीन लिमिट ऑर्डरींत (भाव ठरवून दिलेल्या), आयनॅव्हकडे (युनिटच्या त्या क्षणाच्या मूळ किमतीकडे) बघत, एकाच दिवशी म्हणजे डीपी शुल्क एकदाच. कर्ज राहील १ लाख ४ हजार, व्याज रोज ३४ रुपये. नव्या शीटमध्ये ३६५ दिवसांचे रकाने आधीच पाडून ठेवलेत, रविवारसकट. काकांना आज संध्याकाळी शेंगा चटणी नेऊन देणार आहे.