जॉर्जियात वाइन प्यायला जाताय? काखेतीत (तिथला वाइनचा पट्टा) मुक्काम करा, डे टूर नको

सरळ सांगतो, राजधानी तिबिलिसीत कोणी "एका दिवसात अख्खं काखेती, टेस्टिंग फ्री" म्हणत मागे लागला तर हात जोडा आणि पुढे चला. आम्हाला ज्याने नेलं त्याने आधी फ्रीच्या नावाखाली गोडूस लाल वाइनचे बोटभर घोट पाजले, मग चाचा. चाचा म्हणजे वाइन काढून उरलेल्या द्राक्षाच्या चोथ्याची दारू, घशातून जाळत जाते, आणि ती पोटात गेली की लगेच बाटल्या पुढे. बाटल्यांवर किंमत नाही, काउंटरवरची बाई गिऱ्हाईकाचं तोंड बघून आकडा सांगणार, आणि काहीच घेतलं नाही तर मग "टेस्टिंगचे लारी (तिथलं चलन) द्या". ड्रायव्हर तेवढ्यात बाहेर सिगरेट ओढतोय, त्याचं कमिशन ठरलेलं. तीच बाटली नंतर तिबिलिसीच्या सुपरमार्केटमधे जवळपास निम्म्या भावात दिसली तेव्हा जे डोकं फिरलंय ना!

आणि वर तो गोंबोरीचा घाट. काखेतीतल्या तेलावीहून तिबिलिसीला परतताना हा रस्ता जवळचा म्हणून सगळे टॅक्सीवाले इथूनच घालतात, १६०० मीटरच्या वर चढतो, वळणावर वळण, आणि पोटात चीज, ब्रेड, चाचा. गाडी दोनदा थांबवावी लागली, कशासाठी ते लिहीत नाही. गुर्जानीकडून लांबचा रस्ता आहे, वेळ जास्त लागतो पण तोच सांगा, आधीच सांगा, गाडीत बसल्यावर कोणी ऐकत नाही.

त्यापेक्षा तिबिलिसीतल्या सामगोरी मेट्रोबाहेरून काखेतीतल्या सिघनाघी गावाची मार्शरुत्का (शेअर व्हॅन हो) पकडा, दोनेक तासात पोचता, आणि तिथे घरगुती गेस्टहाउसमधे रहा. आम्ही नंतर हेच केलं आणि तेव्हा कुठे खरी वाइन प्यायलो. घरमालकाने तळघरात नेलं, जमिनीत फक्त गोल तोंड दिसतं, बाकी माणूसभर उंचीचं मातीचं भांडं पुरलेलं, ते क्वेव्री. आतून मधमाशीचं मेण लावलेलं. पांढरी द्राक्षं सालं, बिया, कधी देठासकट त्यात घालून साधारण पाच-सहा महिने झाकून ठेवतात, म्हणून रंग केशरी येतो आणि जीभ काळ्या चहासारखी आक्रसते. युनेस्कोने २०१३ मधे या पद्धतीला वारसा म्हणून मान दिलाय. पहिला ग्लास आवडणार नाही, तिसऱ्यावर दुसरं काही नको वाटतं. र्कात्सितेली या पांढऱ्या द्राक्षाची क्वेव्रीवाली मागा, लाल हवी तर सापेरावी द्राक्षाची ड्राय, म्हणजे गोड नसलेली. किंद्झमराउली ही लाल वाइन गोडसर असते, ज्यांना सरबत हवंय त्यांनी घ्यावी. रस्त्यावर प्लास्टिकच्या बाटलीत विकतात ती अजिबात नको.

खाण्यात शाकाहारी लोकांचे हाल होतात असं जे सांगतात ते साफ खोटं. लोबियो (मातीच्या भांड्यात राजमा), अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, प्खाली (भाज्या आणि अक्रोड वाटून केलेली), आणि खाचापुरी (चीजवाला ब्रेड) तर आहेच. अंडं, चीजही नको असेल तर "समार्ख्वो" म्हणा, उपासाचं जेवण, त्यांचे चर्चचे उपास भरपूर असल्याने कळतं त्यांना. अक्रोडाची अॅलर्जी असेल तर मात्र अवघड आहे. अजारुली खाचापुरी (होडीच्या आकाराची, वर अंडं आणि लोणी) दोघांत एक पुरे, आमच्यातल्या एकाने हट्टाने पूर्ण संपवली आणि दुपारभर आडवा.

खिंकाली (मोठ्या मोमोसारखी, आत रस असलेली) काट्याने खाऊ नका. शेंडी धरायची, उलटी करायची, छोटा चावा घेऊन आधी आतला रस ओढायचा, मग बाकीची. शेंडी ताटातच ठेवायची. मांस नको तर मशरूमची किंवा चीजची मिळते, पण चीजच्यात रस नसतो, मजा अर्धी.

जुन्या तिबिलिसीत टूरिस्ट गल्लीत बसाल तर मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरं वाचा, सर्व्हिस चार्ज १० पासून १८ टक्क्यांपर्यंत वेगळा लागतो, आणि न मागता आलेल्या ब्रेडचेही पैसे असू शकतात. हे फसवणं नाही म्हणे, लिहिलेलं असतं.

द्राक्षतोडणी, र्त्वेली, सप्टेंबर-ऑक्टोबरमधे असते, तेव्हा गेस्टहाउस आधीच बुक करा. गाडी स्वतः चालवणार असाल तर टेस्टिंग विसरा, दारूची मर्यादा फार कमी आहे. आणि परतताना माणशी २ लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या ड्युटी न भरता भारतात आणता येतात, त्या चेक-इन बॅगेत कपड्यात गुंडाळून टाका आणि शहरातूनच घ्या, एअरपोर्टवर घेऊ नका.