फ्लश दिला की तोंडात चव का येते?

"सिस्टर, सुई हाताला आणि चव तोंडात, असं कसं?" केमोच्या वॉर्डात हा प्रश्न नेहमीचा. व्हेनफ्लॉन (हाताच्या शिरेतली छोटी नळी), पिक लाइन (दंडातून हृदयाजवळ नेलेली लांब नळी) किंवा पोर्टमधून (कातडीखाली बसवलेली डबी) सलाईनचा फ्लश, म्हणजे नळी धुऊन मोकळी ठेवायला ढकललेलं सलाईन, गेला की काही सेकंदांत कुणाला तोंड खारट लागतं, कुणाला लोखंड चाटल्यासारखं वाटतं, कुणाला औषधाचा नाहीतर नव्या प्लास्टिकचा वास येतो. त्यावर "मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका" असं सांगून पुढच्या खाटेकडे जाऊ नये. ही चव खरी असते आणि तिच्यामागे कारणही असतं.

शिरेत गेलेला पदार्थ जिभेला कळतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आजच्या तपासण्या नव्हत्या तेव्हा हृदयाची ताकद जोखायला दंडाच्या शिरेत सॅकरिन किंवा डिकोलिन नावाचं कडू औषध देत आणि घड्याळ लावून बसत. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात, तिथून डाव्या बाजूत आणि मग जिभेत पोहोचलं की रुग्ण "गोड लागलं" किंवा "कडू लागलं" असं सांगे. निरोगी माणसात याला साधारण 9 ते 16 सेकंद लागत. पोर्टचं आणि पिक लाइनचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. फ्लश तिथे फारसा पातळ न होता आणि लवकर पोहोचतो, म्हणून या लाइनवाल्यांची तक्रार जास्त असते.

दुसरी वाट फुप्फुसातून जाते. उडून जाणारे पदार्थ रक्तातून श्वासात उतरतात आणि उच्छ्वासाबरोबर घशामागून नाकात चढतात. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला बराचसा भाग वासाचाच असतो. याचं ठळक उदाहरण बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये दिसतं. गोठवलेल्या पेशींत डीएमएसओ हे त्यांना गोठताना जपणारं रसायन असतं. त्या पेशी चढवताना रुग्णाला लसणासारखी चव येते आणि त्याच्या श्वासाचा वास पुढे दिवसभर खोलीत राहतो.

पण सलाईन म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, मग वास कसला? 10 मिली सलाईनमध्ये मीठ जेमतेम 90 मिलीग्रॅम असतं. त्यातलं सोडियम लिटरला 154 मिलीमोल, रक्तातलं 140 च्या आसपास. एवढ्याशा फरकाने पाच लिटर रक्त खारट होत नाही. सर्वांत पटणारा खुलासा सिरिंजकडे बोट दाखवतो. कारखान्यातून भरून येणाऱ्या प्रीफिल्ड सिरिंजमध्ये सलाईन महिनोन् महिने प्लास्टिकला लागून राहतं. निर्जंतुकीकरणात आणि साठवणीत प्लास्टिकमधले काही पदार्थ अंशाअंशाने त्यात उतरतात. नॉर्वेत 2010 साली निरोगी स्वयंसेवकांना कुठलं सलाईन दिलं जातंय हे न सांगता दोन्ही प्रकारचे फ्लश दिले गेले. ॲम्प्युलमधून (छोट्या बंद कुपीतून) काढलेल्या सलाईनपेक्षा प्रीफिल्डच्या वेळी चवीच्या आणि वासाच्या तक्रारी स्पष्टपणे जास्त आल्या. त्या लोकांना ना केमो होती ना आजार, म्हणून हा निष्कर्ष आम्हाला मोलाचा वाटतो.

मात्र दोष प्रत्येक वेळी सिरिंजचाच नसतो. म्हणून रुग्णाला विचारा, "चव नेमकी कुठल्या सिरिंजला आली?" औषधानंतरच्या फ्लशला आली, तर लाइनमध्ये उरलेलं औषध एकदम आत ढकललं गेलं असेल. मेट्रोनिडाझोल आणि बी-कॉम्प्लेक्स यांची चव तर रुग्ण लगेच ओळखतात. हेपॅरिन लॉकच्या वेळी (रक्त गोठू नये म्हणून नळीत हेपॅरिन भरून ठेवताना) आली, तर व्हायलवर बेंझाइल अल्कोहोल (औषध टिकवणारं रसायन) लिहिलंय का ते वाचा. हे परिरक्षक असलेलं हेपॅरिन तान्ह्या बाळांना द्यायचं नसतं, त्यामुळे ती सवय तशीही चांगली. आणि पहिल्याच फ्लशआधी स्पिरिटचा वास आला असेल, तर हब (नळीचं सिरिंज जोडायचं तोंड) पुसल्यावर ते वाळू दिलं गेलेलं नाही. पंधरा सेकंद घासून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. जंतू मरण्यासाठीही ते वाळावंच लागतं.

उपाय साधे आहेत. फ्लशच्या मिनिटभर आधी तोंडात लिमलेटची गोळी, संत्र्याची फोड, पेपरमिंट किंवा वेलदोडा ठेवायचा. तोंड आलेल्याला आंबट झोंबतं, त्याला बर्फाचा खडा द्या. उपाशी ठेवलेल्या, गिळायला त्रास असलेल्या रुग्णाला आणि लहान मुलांना गोळी देऊ नका, मधुमेह्याला बिनसाखरेची द्या. फ्लश जाताना नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास घेऊन पाहायला हरकत नाही, कारण वास वर चढतो तो घशामागूनच.

एवढ्याने भागलं नाही, तर त्या रुग्णासाठी 10 मिलीच्या एकदाच वापरायच्या ॲम्प्युलमधून सलाईन काढा आणि लगेच वापरा. सिरिंज मात्र 10 मिलीचीच घ्या, कारण पोर्टला किंवा पिक लाइनला 2 मिलीची लहान सिरिंज लावली तर दाब फार वाढतो आणि नळी फुटू शकते. आधी रक्त मागे येतंय का पाहा, मग एकेक मिली थांबत थांबत ढकला. चव टाळायची म्हणून फ्लश अर्ध्यावर सोडू नका. नळीत राहिलेलं रक्त गोठलं की लाइन बंद पडते. सगळ्या वॉर्डासाठी 500 मिलीच्या एकाच बाटलीत सुई टोचून दिवसभर फ्लश काढण्याची पद्धत अजून ठिकठिकाणी दिसते. ती सोडाच. एक बाटली दूषित झाली तर सगळ्यांच्या लाइनमध्ये जंतू जातात. प्रीफिल्डचा मोठा फायदा हाच की हाताळणी कमी होते, म्हणून बदल फक्त त्रास होणाऱ्यापुरता करावा.

काही तक्रारी मात्र चवीच्या नावाखाली दबता कामा नयेत. फ्लश जाताना कानात किंवा मानेत खळखळ ऐकू आली, तर लाइनचं टोक मानेच्या शिरेत सरकलेलं असू शकतं. थांबा आणि डॉक्टरांना कळवा, एक्स-रे लागेल. फ्लशनंतर तासाभरात हुडहुडी भरून ताप आला, तर लाइनमध्ये जंतुसंसर्ग असू शकतो. जागा सुजली, आग झाली, धाप लागली किंवा अंगावर पुरळ उठलं, तर फ्लश लगेच बंद करा. भुलीचं लिग्नोकेन टोचल्यानंतर जीभ-ओठ बधिर होऊन धातूची चव येणं हीसुद्धा औषध जास्त झाल्याची पहिली खूण असते.

दर तीन आठवड्यांनी येणाऱ्या रुग्णाला पुढे पुढे नुसती सिरिंज बघूनच उमळतं. ती सवय अंगात मुरण्याआधीच चव थांबवायला हवी. नातेवाइकांनी पहिल्याच वेळी सांगावं आणि सिस्टरने फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहावं: प्रीफिल्डने चव येते, ॲम्प्युल वापरणे, आधी गोळी देणे.