तयार मिळतंय की, घरी कशाला केलास?

घरी कोण पण आलं की हॉलमधलं कॅरमचं टेबल बघतात आणि हेच विचारतात. बाजारात बोर्ड मिळतंय, स्टँड मिळतंय, मग एवढा खटाटोप कशाला? तुम्ही पण विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

पैसे वाचवायला नाही केलं हे आधीच सांगतो. जुन्या चौकटीचं सागवान, प्लाय, पॉलिश सगळं धरून तयार बोर्डापेक्षा जास्तच गेले.

कारण बाबांचे गुडघे. आमच्यात कॅरम म्हणजे खाली सतरंजीवर, मांडी घालून. दोन दिवाळ्या बाबा खुर्चीत बसून नुसतं लांबून "तिकडून नको, रिबाउंड मार" सांगत होते आणि ते बघवत नव्हतं. स्टँड आणून बघितलं, तर ते लटपटतंय आणि खालची आडवी पट्टी बरोबर त्यांच्या गुडघ्यावर येत होती. म्हटलं आपणच करू, त्यांच्या खुर्चीच्या मापानं. नियमात बोर्डाची उंची 63 ते 70 सेंमी चालते, मी 68 धरली आणि खालची पट्टी बारीक करून आत सरकवली.

आता अडचण अशी की बाबांची अख्खी नोकरी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत, पॅटर्न शॉपला, ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने (पॅटर्न) करायला. म्हणजे लाकडात केसभर चूक असली तरी दिसणार. म्हणून गुपचूप, अनगोळला मित्राच्या शेडमध्ये, रविवार रविवार काम. चौकटीत एक जुना खिळा मोडून आत राहिलेला, त्यावर रंध्याचं पातं गेलं, एक रविवार त्यातच संपला. भोकांना 44 मिमीचा होल सॉ मिळाला, भोक पाहिजे साडेचव्वेचाळीस, मग काच पेपर गुंडाळून घासत बसलो. प्लाय दुकानातनंच 74 बाय 74 सेंमी कापून आणलेलं. फ्रेम मी कापली, चारी कोपरे 45 अंशात, फेव्हिकॉल लावून रात्रभर क्लॅम्प. सकाळी प्लाय आत ठेवलं तर खुळखुळतंय! एका बाजूला सरकवलं की दुसऱ्या बाजूला बोटभर नाही पण सात मिमी तरी फट. टेप लावून दोनदा मोजलं, प्लाय बरोबर होतं. माझीच फ्रेम मोठी. का ते काही कळेना.

शेवटी लाज सोडून बाबांनाच शेडमध्ये नेलं. सरप्राइज गेलं बोंबलत. त्यांनी टेबलाकडे बघितलंच नाही आधी, कट्ट्यावरची स्टीलची पट्टी उचलली.

"ही कुठनं घेतलास?"

"तुमच्या पेटीतनं."

आणि जे हसायला लागले, खुर्ची द्यावी लागली. ती पॅटर्नची पट्टी होती. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, निवताना आकसतं, मीटरमागे साधारण 10 मिमी, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो आणि रोज हिशोब नको म्हणून पट्टीच शंभराला एक जास्तीची बनवलेली असते. दिसायला अगदी साधी, कोपऱ्यात बारीक आकडा कोरलेला, तो वाचतंय कोण? फ्रेम मी त्याच पट्टीनं मोजलेली, माझे 74 म्हणजे खरे पावणेपंचाहत्तर झालेले.

मी म्हटलं फोडून परत करतो. नको म्हणाले. पुढच्या रविवारी स्वतः शेडमध्ये येऊन शिसमच्या साडेतीन मिमीच्या चार पट्ट्या तासल्या, फ्रेमच्या आतून चारी बाजूंनी चिकटवल्या, आणि कोपऱ्यांचे सांधे असे बसवले की माझे सांधे शेजारी बघवत नाहीत. स्ट्रायकर पण आता सागवानापेक्षा चांगला उसळतोय, हे त्यांचं म्हणणं, मला तरी काय फरक कळत नाही.

म्हणजे त्यांना द्यायचं गिफ्ट अर्धं त्यांनीच केलं. मागच्या आठवड्यात खानापूरहून आत्याचे यजमान आलेले, त्यांनी त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं हे काय डिझाइन आहे का. मी तोंड उघडायच्या आधीच बाबा राणीवर नेम धरत म्हणाले, "पोरानं टेबल एक टक्का मोठं केलंय, निवलं की बरोबर बसतंय."