ओढा ओलांडताना

"आधी कमरेचा पट्टा सोड."

मी ओढ्यात पाय घालणार तोच मागून ताईचा आवाज आला. "पाय घसरला तर सॅक झटकन टाकता आली पाहिजे. सॅक गेली तर जाऊ दे."

पाणी गुडघ्याच्या वर. ओढ इतकी, की टेकवलेली काठी हातात थरथरत होती. बूट घालूनच उतरलो, तोंड प्रवाहाकडे, एका वेळी एकच पाऊल.

तंबू पलीकडे, काठापासून लांब, उंचावर लावले. रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. सकाळी पात्रातला मोठा दगड दिसेचना.

ट्रेकच्या याद्यांत टॉर्च, स्लीपिंग बॅग, सगळं असतं. हे मात्र कुणीतरी शेजारी उभं राहूनच सांगावं लागतं. तुमच्या ग्रुपमध्ये नव्या माणसाला कोण सांगतं?