पगारपत्रकातून गेलेली ओळ

शनिवार, १८ जानेवारी २०२५
कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

कालच्या पगारपत्रकात ती ओळ नव्हती. २०२१ च्या उन्हाळ्यापासून दर दुसऱ्या शुक्रवारी आयकर, आरोग्य विमा आणि निवृत्तिनिधी यांच्या खाली चाइल्ड सपोर्टची, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी त्याच्या बाबांना द्यायच्या पैशांची, कपात छापलेली असे. तिच्याकडे पाहण्याची इतकी सवय झाली होती की काल ती दिसली नाही तेव्हा चुकीचे पत्रक उघडले की काय, असे वाटून मी तारीख पुन्हा तपासली. माझा मुलगा गेल्या वर्षी २३ जूनला, रविवारी, दोन बॅगा आणि की-बोर्ड घेऊन माझ्याकडे कायमचा राहायला आला. म्हणजे तो आल्यापासून ही ओळ जायला जवळजवळ सात महिने लागले. या सात महिन्यांतला कायद्याचा दोष किती आणि माझा किती, याचा हिशेब आज लिहून काढायचे ठरवले आहे.

आमच्या घटस्फोटाचा निकाल न्यू जर्सीतला. मला २०२१ मध्ये इथे नोकरी मिळाली, तेव्हा मुलाची शाळा मोडू नये म्हणून तो एडिसनला वडिलांकडे राहिला आणि न्यायालयाने मी आठवड्याला १७२ डॉलर द्यावेत असा हुकूम केला. माझा पगार त्याच्या बाबांपेक्षा जास्त आहे, त्यामुळे त्यात वावगे काही नव्हते. सांगलीला आईला मात्र ते कधीच उमगले नाही. "अगं, पोटगी बाईला मिळते, बाई देत नाही," असे ती प्रत्येक फोनवर म्हणायची आणि मी तिला हे पैसे नवऱ्याला नव्हेत, मुलाला आहेत, असे समजावत राहायची. पोटगी हा शब्द आपल्याकडे बायकोशी इतका चिकटला आहे की मुलाच्या खर्चासाठी वेगळा, रोजच्या बोलण्यातला शब्द मला तेव्हाही सापडला नव्हता आणि आजही सापडलेला नाही.

न्यू जर्सीत ही रक्कम दर दोन वर्षांनी महागाईच्या प्रमाणात आपोआप वाढते. १७२ चे १८४ झाले ते असेच, कोणी अर्ज न करता. १ फेब्रुवारी २०१७ पासून लागू असलेल्या तिथल्या कायद्याप्रमाणे मूल १९ वर्षांचे झाले की, मुदतवाढीचा हुकूम नसेल तर, देणेही सहसा आपोआप संपते. या दोन गोष्टींमुळे माझी अशी ठाम समजूत झाली होती की मूल माझ्याकडे आले की तिसरी गोष्टही आपोआप होईल. तशी ती होत नाही. मूल कोणाच्या घरी जेवते हे हुकुमाला कळत नाही. कोणीतरी रीतसर अर्ज करून ते कळवावे लागते. आमच्या पेरोल विभागातील बाईंना मी ऑगस्टमध्ये विचारले, तेव्हा त्यांनी सौम्यपणे सांगितले की कपात थांबवण्याची सूचना येईपर्यंत त्यांना ती करावीच लागेल, मुलगा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असला तरी.

मग अर्ज कुठे करायचा? गणपतीत मंडळाच्या जेवणावळीत एका परिचिताने अनुभवी माणसाच्या थाटात सल्ला दिला, "सहा महिने थांबा. मुलगा इथला रहिवासी झाला की इथल्याच कोर्टात जा, उगाच न्यू जर्सीच्या फेऱ्या कशाला?" हा सल्ला ऐकायला इतका सोयीचा होता की मी तो तपासून पाहिला नाही. सहा महिन्यांचा नियम खरा आहे, पण तो ताब्याचा पहिला निवाडा कोणत्या राज्याने करायचा हे ठरवण्यासाठी आहे. निवाडा एकदा झाला की आई, वडील किंवा मूल यांपैकी कोणी त्या राज्यात राहत असेल तोवर तो बदलण्याचा अधिकार सहसा त्याच राज्याकडे राहतो. पैशांच्या हुकुमाचेही असेच. मुलाचे बाबा एडिसनलाच आहेत, म्हणून दोन्ही हुकूम न्यू जर्सीचे.

ऑक्टोबरच्या शेवटी रॅली शहरातल्या एका वकीलबाईंकडे गेले, तेव्हा त्यांनी हे दहा मिनिटांत सांगितले आणि सल्ल्याचे पैसे घ्यायलाही त्या संकोचल्या. १९५० च्या जुन्या कायद्याखाली एकाच मुलासाठी दोन-तीन राज्यांचे वेगवेगळ्या रकमांचे हुकूम एकाच वेळी जिवंत असत आणि कोणता पाळायचा हे कोणालाच कळत नसे. तो गोंधळ निस्तरायला १९९२ मध्ये नवा आंतरराज्य नमुना-कायदा आला आणि १९९८ पर्यंत सर्व राज्यांना तो स्वीकारावा लागला. एका वेळी एकच हुकूम, हे त्याचे मूळ तत्त्व. नॉर्थ कॅरोलायनाचे न्यायालय माझा हुकूम नोंदवून घेऊन त्याची वसुली करू शकते, पण आम्ही दोघांनी लेखी संमती दिल्याखेरीज त्यातला एक डॉलरही बदलू शकत नाही. उद्या मुलाचे बाबाही न्यू जर्सी सोडून, समजा, टेक्सासला गेले, तर बदल मागणाऱ्याने, म्हणजे मी, त्यांच्या राज्यात जाऊन मागायचा; आपल्या अंगणात दुसऱ्याला ओढण्याची सोय कोणालाच ठेवलेली नाही. शिवाय हुकूम कुठेही बदलला तरी देणे किती वर्षांपर्यंत चालायचे, हे मूळ राज्याच्याच कायद्याने ठरते.

हे सर्व ऐकून मी विचारले, "पण जूनपासूनचे पैसे परत मिळतील ना?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. १९८६ च्या एका संघीय दुरुस्तीप्रमाणे प्रत्येक हप्ता देय तारखेला न्यायालयाच्या निवाड्याइतका पक्का होतो आणि न्यायाधीशाला तो मागाहून कमी करता येत नाही. बदल लागू व्हायचा तो फार तर अर्ज करून समोरच्याला नोटीस दिली तिथपासून. ही दुरुस्ती न्यू जर्सीचेच सिनेटर बिल ब्रॅडली यांच्या नावाने ओळखली जाते. ते पूर्वी न्यूयॉर्क निक्सकडून बास्केटबॉल खेळत. (चिरंजीवांना सांगितले, तर त्यांना त्यातला फक्त निक्स कळला.) वर्षानुवर्षे पैसे थकवायचे आणि मग दुसऱ्या राज्यातल्या दयाळू न्यायाधीशाकडून सगळी थकबाकी माफ करून घ्यायची, ही बापांची युक्ती बंद व्हावी म्हणून ती आली. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. २०२१ मध्ये मी मुलाला सोडून आलेली आई होते. माझ्यासारख्या माणसांनी चुकवू नये म्हणूनच तो नियम लिहिलेला आहे.

अर्ज १२ नोव्हेंबरला दाखल झाला आणि त्याच दिवशी नोटीस गेली. २३ जूनपासून तोवर २० आठवडे झाले होते. १८४ गुणिले २०, म्हणजे ३,६८० डॉलर. या काळात मुलाचे जेवण, दातांच्या तारा, शाळेचा बॅण्ड हे सगळे माझ्याकडे होते आणि त्याच्या नावाचे पैसे एडिसनला जात होते.

आता खरे लिहायचे तर, त्या सल्लागार परिचिताच्या नावावर यातला निम्मादेखील काळ घालता येणार नाही. वकिलांचा फोन नंबर माझ्याकडे जुलैपासून होता. मुलगा आला तेव्हा त्याने कारण सांगितले नव्हते, मीही विचारले नव्हते. तो आला आहे एवढेच मला पुरे होते. अशा वेळी पहिल्याच महिन्यात त्याच्या बाबांच्या दारी न्यायालयाचा कागद पाठवला, तर आपल्या येण्याचा अर्थ आईने पैशांत लावला असे त्याला वाटेल, ही भीती मला होती. आणि त्याच्यामागे आणखी एक होती, ती लिहायला जड जाते: तो ऑगस्टमध्ये परत गेला तर? हुकूम बदलून घेतला आणि तो परत गेला, तर पुन्हा सगळे उलटे करून घेताना जी शोभा होईल ती मला नको होती. म्हणून हुकूम तसाच ठेवून मी दर पंधरवड्याला ३६८ डॉलर भरत राहिले. मूल परत जाण्याची शक्यता गृहीत धरून जणू त्याच्या तिकडच्या खोलीचे भाडेच भरत राहिले.

सुनावणी डिसेंबरमध्ये व्हिडिओवर झाली. त्याच्या बाबांनी विरोध केला नाही. मी वकिलांमार्फत लिहून दिले होते की मला त्यांच्याकडून काहीही नको. न्यायाधीशबाईंनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. मुलाच्या पालनपोषणाचा हक्क मुलाचा असतो, आईला तो परस्पर सोडून देता येत नाही, असे त्यांनी शांतपणे सुनावले. मग दोघांचे उत्पन्न आणि मुलाच्या मुक्कामाच्या रात्री धरून तक्ता मांडला गेला. त्याच्या बाबांच्या वाट्याला थोडी रक्कम आली, ती सुट्ट्यांतली विमानाची तिकिटे त्यांनी काढायची या बोलीवर वळती झाली आणि तसे कारणासह हुकुमात लिहिले गेले. ताबा माझ्याकडे, माझे देणे १२ नोव्हेंबरपासून बंद. त्यानंतरही माझ्या पगारातून चार वेळा कपात झालीच, कारण पेरोलपर्यंत कागद यायला जानेवारी उजाडला. ते १,४७२ डॉलर मुलाच्या बाबांनी मार्चअखेरपर्यंत मला परत करायचे आहेत.

त्या आधीच्या ३,६८० बद्दल मी नाताळात त्यांच्याशी फोनवर बोलले. न्यायालय देववू शकत नसले तरी ते स्वतः होऊन देऊ शकतात, असे वकिलांनी सांगितले होते. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घर मी अजून दोन खोल्यांचंच ठेवलंय. त्याची खोली तशीच आहे." एडिसनला दोन खोल्यांचे भाडे काय आहे ते मला ठाऊक आहे. मी विषय बदलला.

आज सकाळी आईला सांगितले की कपात थांबली. तिला वाटले माझी नोकरी गेली. मग नीट समजावले, तेव्हा तिने विचारले की आता जावई किती देणार. काहीच नाही, तिकिटे काढणार, असे म्हटल्यावर तिने फोन नातवाकडे द्यायला सांगितले. तो अंथरुणातच होता. न्यू जर्सीत चाइल्ड सपोर्टचा हिशेब ठेवणाऱ्या प्रोबेशन विभागाकडून माझे खाते बंद झाल्याचे पत्र अजून यायचे आहे. सोमवारी मार्टिन लूथर किंग दिनाची सुटी, म्हणून मंगळवारी फोन करेन.