झेडझेडची चौदा पानं: वर्षभराचा हिशेब

१८ जुलै २०२४
सकाळी शिलाई मशीनवर बसले आणि पाहते तर कुंडीतल्या झेडझेडची, म्हणजे त्या शोभेच्या रोपाची, मधली दांडी आडवी पडलेली. सरळ करायला हात लावला, तर बुडातून सुटून हातातच आली. बूड तपकिरी, मऊ, आणि वास सडक्या कांद्यासारखा. कुंडी अंगणात नेऊन उलटी केली. माती चिखलाच्या गोळ्यासारखी एकसंध बाहेर पडली. आतले कंद बोटाने दाबले की दबत होते.

आमचं घर जुनं, कवेलूचं. माजघरात गोठ्याकडची एकच खिडकी, तीही लहान. मी दिवसभर तिथंच शिवत बसते. त्या अंधारात तगेल असं हिरवं काहीतरी हवं होतं, म्हणून दीड वर्षापूर्वी हे रोप आणलं. विकणाऱ्याने सांगितलं, "ताई, रोज तांब्याभर पाणी टाका." वावरातली काळी माती भरली, कारण आमच्याकडे मातीचा विषय निघाला की काळ्या मातीपुढे कोणी जात नाही. उन्हाळाभर सगळं ठीक होतं. पावसाळ्यात हवा दमट झाली, माती वाळेना, आणि माझं पाणी चालूच.

काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण कुंडीत घातक. ती पाणी पिऊन फुगते, धरून ठेवते, आणि मुळांना हवा राहत नाही. वावरात ती पुढे भेगाळते तेव्हा हवा आत जाते. कुंडीत तेवढी वेळच येत नाही, आधीच कंद सडतो.

२१ जुलै
एक दांडी वरून धड होती. तिची चौदा पानं देठाजवळून हलक्या हाताने काढली. खरं म्हणजे ती अख्खी दांडी हेच झेडझेडचं एक पान, आणि आपण ज्यांना पानं म्हणतो त्या त्याच्या पर्णिका. खोड जमिनीखाली असतं, कंदाच्या रूपात. मी सवयीने पानंच म्हणणार.

तीन दिवस पानं सावलीत कागदावर पडू दिली, देठाची जखम कोरडी झाली. माती अशी केली: दोन भाग नाल्यातली जाडी रेती, एक भाग विटांचा चुरा, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, आणि चुलीतले विझलेले कोळसे फोडून दोन मुठी. चौदा लहान डबे घेतले, प्रत्येकाला बुडाशी तापल्या खिळ्याने चार भोकं पाडली. पानाचा खालचा तिसरा हिस्सा मातीत, बाकी वर. डब्यांवर १ ते १४ आकडे टाकले. पाणी एकदाच, खालून निथळेपर्यंत.

सासूबाई ओट्यावरून पाहत होत्या. त्यांना सांगितलं की हे धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, कुळातलं आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "धोप्याच्या जातीचं म्हनतं, अन् पानी काहून देत नाई वं? धोपा तं नाहनीच्या पान्यावरच वाढते."

त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. धोपा, सुरण, मनी प्लांट आणि झेडझेड हे सगळे एकाच कुळातले. झेडझेडच्या शास्त्रीय नावात, झॅमिओकुल्कास, शेवटचा तुकडा अळूच्या अरबी नावावरून आलाय. १८२९ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालं तेव्हा ते कॅलेडियममध्ये, म्हणजे रंगीत पानांच्या शोभेच्या अळूंत घातलं होतं. १८५६ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजाती (जीनस) मिळाली. पण माहेर वेगळं. हे झाड पूर्व आफ्रिकेचं, केनिया-टांझानियापासून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंतचं, जिथं पाऊस येतो आणि मग महिनोन्‌महिने गायब होतो. म्हणून ते पाणी कंदात आणि दांडीच्या फुगीर बुडात भरून ठेवतं. ताण पडला की काही प्रमाणात रात्री श्वसनछिद्रं उघडतं, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी कमी उडतं. फारच कोरडं पडलं तर पानं गाळतं, आणि गळलेली पानं मातीवर पडून तिथंच मुळं धरतात. मी डब्यांत जे करते आहे ते हे झाड आपल्या रानात स्वतःच करतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग हे सुरनावानी हाय." अगदी बरोबर. सुरणाचा कंद उन्हाळाभर मातीत गप्प पडून असतो, कोणी त्याला पाणी घालत नाही.

२ सप्टेंबर, पोळा
बैलं धुवायच्या गडबडीत डबे दोन दिवस अंगणात राहिले आणि पावसात भिजले. ३, ९ आणि ११ गेले, देठ काळे पडले. उरले अकरा.

४ नंबर मुद्दाम उकरून पाहिला. दर वेळी हाच उकरायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही, असं ठरवलंय. देठाच्या टोकाला पांढरट फुगवटा आलाय, ज्वारीच्या दाण्याएवढा. मुळं नाहीत अजून.

३० ऑक्टोबर
दिवाळीसाठी माजघर सारवताना डबे हलवले. ४ नंबरला फुगवटा हरभऱ्याएवढा झालाय, आणि त्याला तीन जाड मुळं, पांढरी, सुतळीसारखी. वरून पान जुलैत होतं तसंच, तीळभरही फरक नाही.

या टप्प्यावर बरेच जण पानं फेकून देतात. मीही मागे मनी प्लांटसोबत वाढलेली माणूस, आठ दिवसांत पाण्यात मुळं बघायची सवय. इथं वरचं काही विचारायचंच नाही. खालचा कंद पुरेसा भरला की मगच कोंब निघतो, तोपर्यंत ते पान फक्त कंदाला पोसत असतं.

पाणी मोजायला एक साधा उपाय सापडला. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी काडी, बोटापेक्षा बारीक, साल काढलेली. डब्याच्या काठाने बुडापर्यंत खुपसायची, दहा मिनिटं ठेवायची. काडी काढल्यावर टोक काळपट ओलं दिसलं, किंवा मातीचे कण चिकटले, तर पाणी नाही. कोरडी निघाली तरीही आणखी चार दिवस थांबायचं. पावसाळ्यात महिन्यातून एकदासुद्धा लागलं नाही.

जानेवारी २०२५
थंडी. डबे दारापासून दूर, मशीनच्या टेबलावर. पाणी महिनाभर बंद. वाढ शून्य.

११ मार्च
४ नंबरचा कंद लहान बोराएवढा, तपकिरी, कडक. बोअरच्या पाण्याने डब्यांच्या काठावर पांढरा थर बसायला लागलाय. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसते. तेल लावून चमकवू नका, पान आधीच चमकतं.

२६ मे
कालपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. दुपारी लाईन गेली की माजघरही भट्टी होतं. मला भीती उन्हाची होती, पण खरा प्रश्न कुलरचा निघाला. कुलरच्या समोर ठेवलेले ६ आणि ७ नंबरचे डबे पंधरा दिवस झाले तरी ओलेच होते. दोन्ही भिंतीकडे सरकवले.

२ नंबरचं पान पिवळं पडून वाळलं. मन खट्टू झालं, डबा उचलून अंगणात न्यायला निघाले, मग सहज पानाला बोटाने हलकं ओढून पाहिलं. जागचं हललं नाही. खाली कंद धरून बसलाय. डबा परत जागेवर.

१४ जून
मृगाचा पहिला पाऊस पडून चार दिवस झाले. सकाळी धागा ओवताना ८ नंबरच्या डब्यात काहीतरी वेगळं दिसलं. वाकून पाहिलं. मातीतून एक टोक, गव्हाच्या दाण्याएवढं, पोपटी, भाल्यासारखं घट्ट गुंडाळलेलं. जुलैपासून जवळजवळ अकरा महिने. मी मशीन बंद केलं आणि सासूबाईंना हाक मारली. त्या चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग डब्याशेजारची रेती बोटाने जराशी सारखी केली.

२८ जून
दोन आठवड्यांत तो कोंब बोटभर झाला आणि उलगडला. सहा पानं, इतकी कोवळी की उजेड आरपार दिसतो. महिनाभरात ती गडद आणि जाड होतील.

३ ऑगस्ट
अकरापैकी सात डब्यांत कोंब. वाळक्या पानाचा २ नंबरही त्यात आहे, आणि त्याचाच कोंब सगळ्यांत जाड. राहिले चार, त्यात सतत उकरलेला ४ नंबर आहे. त्याला आता हात लावत नाही.

एक सावधगिरी, ज्यांच्या घरी रांगतं मूल किंवा बकरी आहे त्यांच्यासाठी. याच्या चिकात धोप्यासारखेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तोंडात गेलं तर जीभ-घसा खाजतो, सुजतो. कुंडी उंचावर ठेवा, कापल्यावर हात धुवा. यापलीकडे हे झाड घरात ठेवल्याने कर्करोग होतो वगैरे जे फिरतं त्यावर विश्वास ठेवू नका.

सात डब्यांतली दोन रोपं दिवाळीनंतर कुंड्यांत हलवणार, मातीच्या, कारण कंद फुगले की प्लॅस्टिकची कुंडी फुगते आणि चिरतेही. रेती आजच नाल्यावरून आणून ओट्यावर धुवून वाळत टाकलीय. १ नंबरचं रोप शेजारच्या वहिनींनी मागितलंय, त्यांच्या देवघरात खिडकीच नाही. त्यांना रोपासोबत पऱ्हाटीची काडीही देणार आहे.